अलंगला जहाज तोडताना कटर पेटण्याआधी काय बघायचं?

रत्नागिरीच्या एका मुलाने विचारलंय. मेकॅनिकलचा डिप्लोमा, त्यावर औद्योगिक सुरक्षेचा कोर्स, आणि आता गुजरातच्या किनाऱ्यावर, अलंगला जहाज तोडणीच्या एका प्लॉटवर सेफ्टी ऑफिसर म्हणून बोलावणं आलंय. प्रश्न दोन आहेत. जहाज तोडण्याचं काम खरोखर सुरक्षित करता येतं, की ते सगळं फायलीतच असतं? आणि जहाज किनाऱ्यावर चढवून तोडण्याची पद्धत बंद केल्याशिवाय समुद्राची घाण थांबेल का? खाली लिहिलंय, "काका, मिऱ्याच्या बंधाऱ्यापाशी अडकलेलं बसरा स्टार कॉलेजला जाता-येता बघितलंय, तेव्हापासून या कामाचं कुतूहल आहे."

बसरा स्टारचं नाव काढलंस ते बरं केलंस. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात ते जहाज तिथे येऊन बसलं आणि पुढे वर्षानुवर्षं लाटा खात गंजत राहिलं. मेलेलं जहाज वेळेत, नीट जागी नेऊन तोडलं नाही तर काय होतं ते तू बघितलंयस. म्हणजे तोडणी वाईट आणि न तोडणं चांगलं, असा भाबडा समज तुझा नसणार. जहाजाचं वजन बहुतेक सगळं पोलादाचं असतं. भावनगर-सिहोरकडच्या रोलिंग मिलमध्ये त्याच्या पट्ट्या नुसत्या तापवूनही सळ्या काढता येतात, दर वेळी भट्टीत वितळवावं लागत नाही. खनिज खणून लोखंड करण्यापेक्षा हे केव्हाही परवडलं. कशी तोडायची, एवढाच वाद आहे.

मी जहाजावर इंजिन रूममध्ये चौदा वर्षं काढली आणि त्यानंतरची वर्षं तोडणीच्या बाजूला, धोकादायक पदार्थांची यादी करणं आणि प्लॉटवरची कामाची पद्धत तपासणं यात गेली. त्या भांडवलावर उत्तर देतो. करता येतं. पण जहाज सुरक्षित करायची वेळ पत्रा कापणारा गॅस कटर पेटण्याआधीची असते. हेल्मेट, पट्टा, बूट हे शेवटचं कुंपण. माणूस कुंपणाशी येऊन धडकला म्हणजे आधीचं सगळं चुकलेलं असतं.

आधी पैशाचं गणित समजून घे, कारण तुझ्याशी भांडण होईल ते तिथूनच. जहाजमालक जहाज बहुधा थेट प्लॉटवाल्याला विकत नाही. मध्ये कॅश बायर असतो. तो रोख मोजून जहाज घेतो, पुष्कळदा शेवटच्या फेरीपुरता कोमोरोस, पलाऊ, सेंट किट्स असा एखादा झेंडा लावतो आणि पुढे विकतो. भाव एलडीटीवर, म्हणजे रिकाम्या जहाजाच्या वजनावर, टनाला इतके डॉलर असा ठरतो. प्लॉटवाला ते बँकेच्या हमीपत्रावर, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटवर, काही महिन्यांच्या मुदतीने घेतो. जहाज चिखलात बसलं त्या दिवसापासून व्याजाचं मीटर सुरू. त्यात पत्र्याचा भाव उतरत असेल, रुपया घसरत असेल, तर प्लॉटवाल्याला झोप नाही. अशा वेळी तू सांगणार की अजून आठ दिवस टाक्या धुवायच्या, एकही पत्रा कापायचा नाही. त्या आठ दिवसांचे पैसे जहाज घेतानाच्या भावात धरलेले असतील तर तुझं ऐकलं जाईल. नसतील तर तू कितीही शिकलेला अस, तुला गोड बोलून बाजूला बसवतील. दहा हजार टनांच्या जहाजावर टनामागे दहा डॉलर जास्त मोजले की लाख डॉलर होतात. सफाईचा खर्च बहुधा त्याच जागेतून निघायचा असतो.

आता जहाज येतं कसं ते. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. तू कोकणातला, उधाण (मोठी भरती) आणि भांग (छोटी भरती) तुला शिकवायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जहाज वेगाने किनाऱ्यावर घालतात आणि पाणी ओसरलं की ते चिखलावर बसतं. 1983 पासून अलंगला हेच चाललंय. भांगाला मोठं जहाज आणता येत नाही, म्हणून उधाणाच्या चार दिवसांत सगळ्यांची एकच घाई. जहाज बसल्यावर वरून दोराची शिडी सुटते आणि पहिली माणसं चढतात. त्या पहिल्या माणसांत तू असायला हवंस.

हातात यादी असेल. धोकादायक पदार्थांच्या या यादीला सगळे आयएचएम म्हणतात. तिचे तीन भाग. पहिल्यात जहाजाच्या अंगातच असलेलं: अ‍ॅस्बेस्टॉस, पीसीबी (जुन्या विजेच्या सामानातलं विषारी रसायन), शिसं, पारा, तळाच्या जुन्या रंगातलं टीबीटी हे विष. दुसऱ्यात चालताना साठलेला कचरा, तेलकट पाणी, गाळ. तिसऱ्यात भांडारातला माल. दुसरा-तिसरा भाग शेवटच्या फेरीआधी भरतात. खरी परीक्षा पहिल्या भागाची. एखाद्या सर्वेअरने दोन दिवसांत घाईघाईने वीसेक नमुने घेऊन ती केलेली असते. त्यात "अ‍ॅस्बेस्टॉस आढळलं नाही" असं वाचलंस तर त्याचा अर्थ "त्या वीस ठिकाणी आढळलं नाही" एवढाच घ्यायचा. मी स्वतः अशा याद्या केल्यात, म्हणून सांगतो.

आंतरराष्ट्रीय नियमाने नव्या जहाजांवर अ‍ॅस्बेस्टॉसला पूर्ण बंदी आली ती 2011 पासून. आज तोडायला येणारी बरीचशी जहाजं त्याआधीची. बॉयलर रूम, एक्झॉस्टच्या पाइपावरचं वेष्टण, केबिनच्या भिंतींचे पॅनेल हे सगळ्यांना माहीत असतं. फसवतात त्या बारीक जागा. वाफेच्या लाइनचे फ्लँज, म्हणजे पाइपांचे जोड, उघडलेस की दोन तोंडांमध्ये करड्या रंगाची, पुठ्ठ्यासारखी चकती निघते. ते गॅस्केट. कामगार ते लोखंडी पट्टीने खरवडतो, फुंकर मारतो आणि खिशात पाना घालून पुढच्या फ्लँजकडे जातो. ती फुंकर वीस-तीस वर्षांनी छातीत उमटते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक समितीच्या 2006 च्या अहवालात अ‍ॅस्बेस्टॉसचं काम करणाऱ्या 94 कामगारांच्या छातीच्या एक्स-रेची नोंद आहे, त्यातल्या 15 जणांच्या फुप्फुसांत या धुळीच्या आजाराशी जुळणाऱ्या रेषा दिसल्या होत्या. ते कामगार आज कुठे आहेत, कोणाला ठाऊक. ओडिशातल्या गंजमचा माणूस खोकायला लागला की गावी जातो, आणि तिथला डॉक्टर त्याला टीबीचं औषध देतो.

उपाय माहीत आहेत आणि फार महागही नाहीत. गॅस्केट आधी ओलं करायचं, मग काढायचं, लगेच पिशवीत. मोठं काम असेल तर ती जागा प्लास्टिकने बंद करून आत हवेचा दाब कमी ठेवायचा, माणसाला साधा कापडी मास्क न देता बारीक धूळ अडवणारा द्यायचा, आणि तेच कपडे घालून त्याला खोलीवर जाऊ द्यायचं नाही. या शेवटच्या गोष्टीवर सगळीकडे घोडं अडतं, कारण अंघोळीची जागा बांधायला प्लॉटची चार मीटर रुंदी जाते.

अ‍ॅस्बेस्टॉसवरून अलंगचं नाव जगभर गाजलं ते दोन जहाजांमुळे. क्लेमांसो या फ्रेंच विमानवाहू नौकेला फ्रान्सने 2006 च्या फेब्रुवारीत अर्ध्या वाटेवरून माघारी बोलावलं. ती शेवटी इंग्लंडात हार्टलपूलला तुटली. त्याच वर्षी ब्लू लेडी हे प्रवासी जहाज अलंगला येऊन बसलं, आणि 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडायला परवानगी दिली. त्या वेळी दोन्ही बाजूंनी बराच आवाज झाला. माझं मत विचारशील तर त्या आवाजानेच अलंग सुधारायला लागलं. धंद्यातली माणसं हे कबूल करणार नाहीत.

आता टाकी. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण तुझ्या नोकरीचा गाभा हाच आहे.

सुटा माल नेणाऱ्या एका जुन्या जहाजावरची, बल्क कॅरिअरवरची गोष्ट. प्लॉटचं नाव सांगत नाही. डबल बॉटमच्या, म्हणजे जहाजाच्या दुहेरी तळाच्या, एका रिकाम्या कप्प्यात शिरून गाळ काढायचा होता. मॅनहोलचं झाकण आदल्या दिवशी उघडलेलं. मुकादम म्हणाला, "साब, कल से खुला है, हवा चल रही है." मी गॅस मीटर मॅनहोलच्या तोंडाशी धरला: ऑक्सिजन 20.9 टक्के, मोकळ्या हवेइतकाच. तो हसला, बघा म्हणाला. मग नळी खाली सोडली. तीन मीटरवर 18. तळाशी 13 च्या खाली, आणि मीटर कोकलायला लागला. आत तेल नव्हतं, रसायन नव्हतं, काही सडलेलंही नव्हतं. होता फक्त गंज. लोखंड गंजतं ते हवेतला ऑक्सिजन खाऊनच. महिनोन् महिने बंद असलेल्या रिकाम्या टाकीत गंजाने तो संपवलेला असतो. एकच तोंड उघडं, दुसरीकडून हवा जायला वाट नाही, तर काल उघडलं काय आणि आठवड्याने उघडलं काय, तळाला तीच हवा. वास नाही, धूर नाही. माणूस शिडी उतरतो, चौथ्या पायरीला गुडघे वळतात. वरचा साथीदार त्याला काढायला उडी मारतो आणि तोही राहतो. बंद जागेत मेलेल्यांमध्ये पुष्कळजण असे दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात. त्या दिवशी आम्ही दुसऱ्या टोकाला झाकण उघडलं, ब्लोअर लावला, आणि काम दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झालं. मुकादम दीड दिवस माझ्याशी बोलला नाही.

मोजायचा क्रम पाठ कर: आधी ऑक्सिजन, मग पेटणारा वायू, मग विषारी. हा क्रम उगाच नाही. पेटणारा वायू मोजणाऱ्या साध्या मीटरमधला सेन्सर तो वायू आतल्या आत जाळून आकडा काढतो, आणि जाळायला ऑक्सिजन लागतो. टँकरच्या टाकीत इनर्ट गॅस (आग लागू नये म्हणून भरलेला, ऑक्सिजन जवळजवळ नसलेला वायू) असेल तर ऑक्सिजन नाही, ज्वलन नाही, आणि मीटर ऐटीत शून्य दाखवतो. नवा माणूस शून्य बघून खूश होतो. प्रत्यक्षात टाकी वाफांनी गच्च असते, हवा शिरण्याची काय ती वाट बघत. म्हणून ऑक्सिजनचा आकडा योग्य असेल तरच पुढच्या आकड्याला अर्थ. आयएमओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या, मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ऑक्सिजन 21 टक्के हवा, आणि पेटणारा वायू त्याच्या स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या एक टक्क्याहून कमी. मोजायचं वर, मध्ये, तळाशी, आणि कोपऱ्यातल्या फ्रेमच्या आडही. कच्च्या तेलाच्या गाळात हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त झाला की नाक मरतं आणि वास येईनासा होतो, हे फार कमी जणांना माहीत असतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणसं आत गेलीत.

आणि टाकी गॅस-फ्री, म्हणजे वायूमुक्त, असल्याचं सर्टिफिकेट शिळं होतं. भाकरीसारखं. सकाळी टाकी गॅस-फ्री होती, खरंच होती. दहा वाजता बाहेरून पत्रा कापायला घेतला. पत्र्याच्या आतल्या अंगाला सुकलेल्या तेलाचा थर आहे, तो तापला, त्यातून नवी वाफ सुटली. दुपारी दोनला टाकी गॅस-फ्री नाही, कागदावर मात्र आहे. पाइपांचंही तेच. टाकी धुतली, पण टाकीतून पंप रूमकडे जाणारी लाइन कोणी धुतली? म्हणून लाइन आधी पाना लावून उघडायची, निथळायची, दोन्ही तोंडं मोकळी करायची, मगच तिथे आग न्यायची. पानाच लागत नसेल इतकं गंजलेलं असेल तर थंड पद्धतीने, करवतीने. वेळ जातो. जाऊ दे.

2014 च्या जूनमध्ये अलंगला एका जहाजावर गॅसच्या स्फोटात पाच कामगार गेले. 1 नोव्हेंबर 2016 ला पाकिस्तानात गडानीला एसेस नावाच्या टँकरवर किमान 26. तेल आणि वाफा पूर्ण निघण्याआधी कटर पेटला की काय होतं, त्यासाठी वेगळं उदाहरण शोधायला नको.

हॉट वर्कमध्ये, म्हणजे आग-ठिणगीच्या कामात, तेलाइतकाच दगा देणारा दुसरा पदार्थ म्हणजे फोम. शीतगृहाच्या भिंतींत, केबिनच्या छतात, रेफ्रिजरेटेड जहाजांच्या होल्डमध्ये पॉलियुरेथिनचा फोम पत्र्यामागे दडलेला असतो. समोरून नुसता रंगवलेला पत्रा दिसतो. कटरची ठिणगी आत गेली की तो लगेच भडकत नाही, धुमसतो. कामगार जेवायला जातात. पाऊण तासाने धूर दिसतो तेव्हा आग तीन केबिन पुढे गेलेली असते, आणि त्या धुरात सायनाइडही असतं. आमच्या एका कामावर हे झालंय. माणूस गेला नाही, कारण जेवणाची सुट्टी होती. तेव्हापासून मी दोन गोष्टींवर अडून बसतो. कापायच्या रेषेच्या मागे काय आहे ते डोळ्याने बघितल्याशिवाय परवान्यावर सही नाही. आणि काम थांबल्यावर अर्धा तास पाण्याचा पाइप घेऊन एक माणूस तिथेच उभा. त्याला दुसरं काम सांगायचं नाही. मालकाला तो माणूस रिकामा बसलेला दिसतो, आणि मला रोज त्याचं समर्थन करावं लागतं.

सुट्टीवरून आठवलं. गॅस कटरच्या नळ्या जेवायला जाताना टाकीत तशाच सोडायच्या नाहीत, बाहेर काढायच्या. ऑक्सिजनची नळी गळत राहिली तर टाकीत ऑक्सिजन वाढतो, आणि तेलकट सुती शर्ट एका ठिणगीवर मशालीसारखा पेटतो. कमी ऑक्सिजन मारतो तसा जास्तही मारतो. रंगाचंही ऐक: जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून बंदिस्त जागेत कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी चारेक इंच रंग खरवडून मग कटर लावायचा. खरवडलेली पूड झाडून समुद्रात लोटायची नाही. कार्बन डायऑक्साइडच्या आगशामक सिलिंडरांची खोली पहिल्याच आठवड्यात रिकामी करून घे. भांडाराची खोली समजून तिथे कोणी झोपलेलंही सापडेल.

उंचीवरून पडणं आणि अंगावर पत्रा पडणं यावर लिहायला फारसं नाही. कारण सरळ आहे, करायला मात्र अवघड. पूर्वी मोठा ठोकळा वरून कापून खाली ओहोटीच्या चिखलात सोडायचे. त्याला ग्रॅव्हिटी पद्धत असं भारदस्त नाव आहे. ठोकळा कुठे पडेल हे कापणाऱ्याच्या अंदाजावर. आता चांगल्या प्लॉटवर तोच ठोकळा क्रेनने धरून काँक्रीटच्या फरशीवर आणतात आणि तिथे बारीक करतात. तुला बघायचंय ते इतकंच की क्रेनचा हूक लागून वायर ताणली गेली आहे की नाही, शेवटचा सांधा कापायच्या आधी. आणि विंचचा तार ताणलेला असताना त्याच्या रेषेत कोणी उभं नाही ना. जहाज हलकं होत जातं तसं त्याला विंचने पुढे ओढतात. तो तार तुटला तर माणसाचा पाय राहत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, किनाऱ्यावर चढवण्याचा. यावर लोक दोन टोकांना बसलेले आहेत. युरोपातल्या संघटना म्हणतात की चिखलात सुरक्षित तोडणी होऊच शकत नाही. आपल्याकडचे प्लॉटवाले म्हणतात की आम्हाला क्लास सोसायटीचं, म्हणजे जहाजं तपासणाऱ्या संस्थेचं, प्रमाणपत्र आहे, विषय संपला. मला दोन्ही पटत नाही.

कामगाराच्या जिवाचा विचार केला तर बहुतेक मरणं गॅसने, आगीने, पडण्याने होतात. ती गोदीतही झाली असती. पण चिखलाचा एक दोष खरा आहे. जहाजाच्या बाजूला चिखलात जड क्रेन उभी करता येत नाही, अ‍ॅम्ब्युलन्स नेता येत नाही. माणूस जहाजाच्या मागच्या टोकाला जखमी झाला तर त्याला स्ट्रेचरवर सगळ्या जहाजातून पुढे आणावं लागतं, आणि मोठं हॉस्पिटल भावनगरला, पन्नासेक किलोमीटरवर. समुद्राचा विचार केला तर दोष आणखी मोठा. वरचं सगळं तू फरशीवर नेऊन कापलंस तरी तळाचा भाग, डबल बॉटम, हे शेवटपर्यंत भरतीच्या पाण्यात असतं. जहाज ओढलं जाताना तळाचा रंग चिखलाला घासतो. कितीही चांगला प्लॉट असला तरी हे शून्यावर येत नाही. येतं असं कोणी सांगितलं तर त्याला ओहोटीला खाली चालायला ने.

तुर्कस्तानात आलिआगाला जहाजाचं पुढचं टोक किनाऱ्याला टेकवतात. पण तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाही, त्यामुळे क्रेन किनाऱ्यावरून पोचते आणि चिखलात काही पडत नाही. युरोपीय महासंघाने स्वतःच्या झेंड्याच्या जहाजांसाठी मान्य यार्डांची पहिली यादी 2016 च्या शेवटी काढली, त्यात दक्षिण आशियातलं एकही नव्हतं. 2018 मध्ये तुर्कस्तानातली दोन आणि अमेरिकेतलं एक आलं. अलंगचा राग समजतो: भाव देणार आम्ही, पोलाद वापरणार आम्ही, नापास करणारे तुम्ही. पण त्या यादीच्या मागे लागून अलंगच्या कितीतरी प्लॉटवर फरशी झाली, निचऱ्याची गटारं झाली, क्रेन आल्या. माझ्या मते पुढची पायरी एकच. तळाचा शेवटचा भाग तोडायला सामाईक कोरडी गोदी किंवा उतार बांधायचा, जिथे सगळे प्लॉट आपापला सांगाडा ओढून नेतील. एकट्या प्लॉटवाल्याला ते परवडणार नाही. बंदर खात्याने बांधून भाडं घ्यावं. हे मी दहा वर्षं बोलतोय, लोक मान डोलावतात.

अलंगसारखा मोकळा किनारा नसेल तिथेही घाण होते, हेही बघून ठेव. मुंबईत शिवडी-माझगावच्या मध्ये दारूखाना आहे, तिथे जहाजं तोडायचे. शिकाऊ असताना मी तिथल्या गाळ्यांतून पाने आणि व्हॉल्व्ह घ्यायला जायचो. आपली जुनी विक्रांत 2014 मध्ये तिथेच आली आणि तिथेच तुटली. तिच्या पोलादाचा काही भाग बजाजच्या व्ही मोटरसायकलच्या टाकीत गेला, त्यामुळे लोकांना तेवढंच आठवतं. विराट मात्र 2020 मध्ये अलंगला गेली. भर वस्तीच्या, बंदराच्या गाळात काम करण्यापेक्षा ते बरं झालं, भावना बाजूला ठेवून सांगतो.

कायद्याचं थोडक्यात. सुरक्षित जहाज तोडणीबद्दलचा हाँगकाँग करार 2009 चा, अमलात यायला 26 जून 2025 उजाडला. पुरेसे देश, पुरेसा टनेज आणि पुरेशी तोडणीची क्षमता असे तिन्ही आकडे जुळेपर्यंत सोळा वर्षं गेली. भारताने 2019 मध्ये त्याला जोडून घेतलं आणि त्याच वर्षी स्वतःचा जहाज पुनर्वापर कायदा केला. आता 500 टनांवरच्या (हे टन ग्रॉस टनेजचे, वजनाचे नव्हेत) जहाजाला पदार्थांची यादी हवी. जुन्या जहाजांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे, पण तोडायला आधीच निघालं तर त्याआधी हवी. यार्डाला परवाना आणि आराखडा हवा, आणि प्रत्येक जहाजाचा वेगळा तोडणी आराखडा हवा. या आराखड्याची एक चाचणी सांगतो. त्यात जहाजाचं नाव खोडून दुसरं घातलं तर काही फरक पडतो का ते बघ. पडत नसेल तर तो आराखडा संगणकावर नक्कल केलेला आहे. कराराचा कच्चा दुवा मला दिसतो तो फाटकाबाहेर. प्लॉटच्या आत काय होतं ते नीट बांधलंय, बाहेर गेलेल्या मालाचं तितकं नाही. अ‍ॅस्बेस्टॉस आणि घातक कचऱ्यासाठी अलंगलाच भूभरावाची, म्हणजे कचरा पुरायची, सोय आहे, तिथे गेलेल्या प्रत्येक खेपेची पावती असते. पण अलंग-त्रापजच्या रस्त्यावरच्या दुकानांत जा. गाद्या, कपबशा, सोफे, लाइफ जॅकेटं, आणि केबिनचे दरवाजे. आगप्रतिबंधक दरवाजाच्या पोटात काय आहे ते दुकानदाराला माहीत नसतं, घेणाऱ्या सुताराला तर नाहीच. तो त्यावर करवत चालवतो. यादीत दरवाजा लिहिलेला असेल तर तो फाटकातच अडव. तेवढं तुझ्या हातात आहे.

कामगारांबद्दल. बहुतेक ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडचे. मुकादम बहुधा त्यांच्याच गावचा, तोच कामाला आणतो, तोच उसने देतो. म्हणून तुझ्या "थांब" पेक्षा त्याचं "चालू दे" जड असतं. प्रशिक्षण केंद्राचं कार्ड सगळ्यांकडे असतं, पण गुजराती पाटी उडिया माणसाला वाचता येत नाही. मी पाट्या लावणं सोडलं. सकाळच्या हजेरीला मुकादमाच्याच हातात मीटर देतो आणि त्यालाच आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावतो. स्वतः वाचलेल्या आकड्याविरुद्ध माणूस सहसा जात नाही. दोन-तीन महिन्यांत तेच लोक "साब, नीचे का भी नापो" म्हणायला लागतात. कटरवाल्याला मजुरी टनावर मिळते की दिवसावर, हेही विचारून घे. टनावर असेल तर तू थांबवलेला प्रत्येक तास त्याच्या खिशातून जातो, आणि तो तुझा शत्रू होतो. थांबलेल्या वेळेचा रोज मिळेल असं मालकाकडून आधी कबूल करून घ्यायचं. लेखी देत नसेल तर निदान मुकादमासमोर बोलायला लाव.

आता मुलाखतीला जाशील तेव्हा चार गोष्टी विचार. माझं काम थांबवण्याचं पत्र कोणाच्या सहीने मिळेल, आणि मी थांबवलेलं काम पुन्हा सुरू करायचा अधिकार कोणाला? गॅस मीटर किती आहेत, शेवटचं कॅलिब्रेशन, म्हणजे मीटर तपासून जुळवणं, कधीचं? सध्या प्लॉटवर असलेल्या जहाजाचा आराखडा बघायला मिळेल का? टाक्या धुतलेलं पाणी कुठे जातं? चौथ्या प्रश्नाला ते तुला जागेवर नेऊन दाखवतील तर चांगली खूण. "पार्टी घेऊन जाते" असं उत्तर आलं तर पार्टीचं नाव आणि पावती माग.

आणि मीटर कुठे ठेवलाय ते बघच. मी नव्या प्लॉटवर गेलो की पहिल्यांदा तेच विचारतो. काही ठिकाणी तो ऑफिसातल्या कपाटात, प्लास्टिकच्या वेष्टणासकट, किल्ली अकाउंटंटकडे असा असतो. एका प्लॉटवर तो मुकादमाच्या गळ्यात होता, कोपरे झिजलेले, काचेला ओरखडे, चार्जर चहाच्या टपरीतल्या प्लगला. मी तिथे दोन वर्षं काम केलं. तुझ्याकडे दोन प्लॉटची बोलावणी आली तर पगार जरा कमी असला तरी असा झिजलेला मीटर असेल तिथे जा.